नऊ जणांतला दुसरा

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या चर्चासत्रात मी अद्भुतकथांमधल्या स्त्री-व्यक्तिरेखांवर निबंध वाचला होता. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये स्त्रिया किती थोड्या आहेत हे सांगून झाल्यावर मी मोठ्या हौसेने एक अपवाद पुढे केला. सौरॉनच्या नऊ प्रेतवत सेवकांपैकी, म्हणजे नाझगूलांपैकी, एक स्त्री होती. तिचं नाव अदूनाफेल. न्यूमेनॉर बेटावरच्या उमराव घराण्यातली ती बाई सत्तेच्या लोभाने अंगठी स्वीकारते आणि छाया होऊन जाते. दुष्टपणाच्या बाबतीत तरी टॉल्किनने बाईला समान संधी दिली, असं एक वाक्यही मी टाळ्यांच्या अपेक्षेने टाकलं होतं. टाळ्या मिळाल्याही. चहाच्या वेळी एक विद्यार्थी जवळ आला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, अदूनाफेल कुठल्या पुस्तकात आहे? मला सापडली नाही." मी म्हणाले, "परिशिष्टात असेल, बघून सांगते."

घरी येऊन तीन रात्री मी शोधत होते. परिशिष्टात ती नव्हती. 'द सिल्मरिलियन'मध्ये नव्हती, 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये नव्हती. टॉल्किनच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, बापाच्या कागदांतून संपादित केलेल्या पुढच्या खंडांमध्येही नव्हती. ती होती एका खेळाच्या पुस्तकात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका कंपनीने १९८०च्या दशकात तिला जन्म दिला होता. वसतिगृहात असताना मैत्रिणीच्या भावाने आणलेल्या त्या पुस्तकातून मी नऊ नावांची यादी वहीत उतरून घेतली होती, आणि मधल्या वर्षांत वहीतली नावं माझ्या डोक्यात टॉल्किनच्या नावावर जमा झाली होती.

या फजितीतून सुरू झालेल्या शोधाचा हा लेख आहे. नाझगूल हे या कादंबरीतले दुय्यम खलपात्र. खरा खलनायक सौरॉन. हे त्याचे हस्तक. या हस्तकांना खेळ बनवणाऱ्यांनी गेल्या चाळीस वर्षांत जी पूर्वचरित्रं बहाल केली, ती कशासाठी, आणि त्यांनी मूळ कथेचं काय झालं, हा माझा प्रश्न आहे. त्यातही माझं लक्ष मुख्यतः एकावर आहे, कारण त्याच्याबद्दल टॉल्किनने स्वतः थोडंसं सांगून ठेवलं आहे. तो खामूल, नऊ जणांतला दुसरा.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सौरॉनने माणसांच्या नऊ राजांना, सरदारांना नऊ जादूच्या अंगठ्या दिल्या. अंगठीने त्यांना वैभव दिलं, न संपणारं आयुष्य दिलं. पण ते आयुष्य असह्य होत गेलं, शरीरं विरत गेली आणि शेवटी उरल्या सौरॉनच्या इच्छेने चालणाऱ्या नऊ सावल्या. टॉल्किनच्या कालगणनेप्रमाणे त्या प्रथम दिसल्या दुसऱ्या युगाच्या २२५१च्या सुमारास. कथा घडते त्यानंतर चार हजारांहून अधिक वर्षांनी. काळे झगे घातलेले, काळ्या घोड्यांवरचे हे स्वार हॉबिटांच्या शांत प्रांतात एका अंगठीच्या शोधात येतात, तिथे त्यांची आपली पहिली गाठ पडते. त्यांच्या प्रमुखाला 'अँगमारचा विच-किंग' म्हणजे चेटक्या राजा हे बिरुद आहे, नाव नाही. नऊपैकी तिघे न्यूमेनॉरी वंशाचे मोठे सरदार होते, एवढं 'सिल्मरिलियन' सांगतं. कोणते तिघे ते सांगत नाही. 'नाझगूल' हा शब्दही 'अंगठीचं पिशाच' एवढाच अर्थ देणारा, सौरॉनच्या काळ्या भाषेतला. म्हणजे हे नाव त्यांना त्यांच्या मालकाच्या भाषेतून मिळालेलं आहे. आईबापांनी ठेवलेलं नाव गेलं ते गेलंच.

या सगळ्यात एकट्या खामूलला नाव आहे, आणि तेही कादंबरीत नाही; १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अनफिनिश्ड टेल्स'मधल्या 'द हंट फॉर द रिंग' या प्रकरणातल्या कच्च्या खर्ड्यांमध्ये आहे. तिथून कळतं ते असं: तो पूर्वेकडचा होता. डोल गुलदुर या किल्ल्यावर त्याची नेमणूक होती. विच-किंगच्या खालोखाल अंगठीचं अस्तित्व जाणण्यात तो सर्वांत तयार, पण दिवसाच्या उजेडात सर्वांत जास्त गोंधळणारा, सर्वांत जास्त दुबळा होणारा. आणि हॉबिटनमध्ये ज्या काळ्या स्वाराने म्हाताऱ्या गॅम्जीकडे बॅगिन्सची चौकशी केली, तो हाच.

एवढं कळल्यावर मी कादंबरीची पहिली प्रकरणं पुन्हा वाचली आणि मला तो माणूस, म्हणजे ती सावली, वेगळीच दिसली. तारीख २३ सप्टेंबर. फ्रोडो घर सोडून निघतो आहे. टेकडीखाली कोणीतरी परका म्हाताऱ्याशी बोलतो आहे, त्याला उत्तर मिळतं की बॅगिन्स साहेब दुसरीकडे राहायला गेले. पुढे रस्त्यावर तो घोडा थांबवून हवा हुंगतो. शेतकरी मॅगटच्या दारात येतो, बातमीच्या बदल्यात सोनं देऊ करतो. मॅगटचा कुत्रा शेपूट घालून केकाटत पळतो, पण मॅगट स्वतः त्याला चालता हो म्हणतो. मग रात्री बकलबरीच्या तरीवर हॉबिट नदी ओलांडतात आणि मागे राहिलेल्या धक्क्यावर एक काळं गाठोडं जमीन हुंगत फिरताना दिसतं. चार हजार वर्षांपूर्वी कुठल्यातरी सिंहासनावर बसलेल्या माणसाचं हे उर्वरित आयुष्य. वास घेणं, विचारणं, नकार ऐकणं. शेतकऱ्याने हाकलून दिल्यावर निघून जाणं. पूर्वायुष्याचा एक शब्दही न सांगता टॉल्किनने त्याची जी दशा दाखवली आहे ती मला भयानक वाटते, आणि थोडी केविलवाणीही.

आता खेळांकडे वळते. आइस क्राउन एंटरप्रायझेस या कंपनीने १९८२मध्ये टॉल्किनच्या जगावर खेळ काढण्याचा परवाना मिळवला आणि १९८४मध्ये 'मिडल-अर्थ रोल प्लेइंग' हा भूमिका-खेळ बाजारात आणला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापल्या पात्रांचे निर्णय घेतात, फासे टाकून यशापयश ठरतं. कंपनीने या खेळाला पूरक अशी डझनावारी पुस्तकं काढली, नकाशे काढले. पीट फेनलन हा कंपनीचा एक संस्थापक. त्याच्या हाताखालच्या मंडळींनी टॉल्किनच्या नकाशाच्या कडेपलीकडे अख्खं खंड रचलं. १९९९पर्यंत हा परवाना त्यांच्याकडे होता. या पुस्तकांमध्ये नऊही नाझगूलांना नावं आली, वंश आले, जन्मसाल, राज्य, शस्त्रं, अंगी असलेल्या मंत्रांची पातळी आली. विच-किंग झाला एर-मूराझोर, न्यूमेनॉरचा राजा तार-किर्यातान याचा धाकटा मुलगा. खामूलचं मूळ नाव ठरलं कोमूल, आणि तो झाला वोमाव नावाच्या अतिपूर्वेच्या लोकांचा राजा. शिवाय कुत्र्यांचा स्वामी द्वार, उत्तरेच्या अरण्यांतला होआरमुराथ, खांदचा घोडेस्वार उवाथा, चे देशाचा रेन, अखोराहिल, माझी अदूनाफेल, आणि जी इंदूर. ही नावं देवनागरीत लिहिली की काय होतं ते वाचकांनी पाहिलंच असेल. वहीत ती उतरवताना मला 'द्वार' आणि 'इंदूर' यांत काहीच खटकलं नव्हतं याचं आज आश्चर्य वाटतं. ज्या लेखकाने आधी भाषा घडवल्या आणि मग त्या बोलण्यासाठी माणसं निर्माण केली, त्याच्या जगात ही नावं कानाला चिकटवलेली वाटायला हवी होती. पण एकविसाव्या वर्षी कान तेवढा तयार नसतो.

या कंपनीला हसणं सोपं आहे. मी तो मोह टाळते, कारण त्यांची अडचण खरी होती. कादंबरीकाराला खलपात्राचा चेहरा झाकून ठेवता येतो. टेबलावरचा खेळ चालवणाऱ्याला येत नाही. समोरचा खेळाडू विचारतो, "मी त्याच्याशी बोलतो. तो काय म्हणतो?" तेव्हा त्याला काहीतरी म्हणावंच लागतं. त्याला काय हवं आहे, तो कशाला भितो, कोणत्या लाचेने वळेल, जखमी झाला तर पळेल की लढेल, हे माहीत असल्याशिवाय खेळ एक पाऊल पुढे जात नाही. पूर्वचरित्र ही तिथे कामाची वस्तू आहे, सुताराच्या पेटीतल्या पटाशीसारखी. त्यात हक्कांचा प्रश्नही मिसळलेला. टॉल्किनने १९६९मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सला चित्रपटाचे आणि त्याबरोबरच्या व्यापारी उत्पादनांचे जे हक्क विकले ते 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' यांचे होते. ते १९७६मध्ये सॉल झेन्ट्झकडे गेले, २०२२मध्ये एम्ब्रेसर या स्वीडिश कंपनीकडे. मरणोत्तर पुस्तकांचे हक्क कुटुंबाकडे राहिले. म्हणजे खेळ बनवणाऱ्याच्या हाती जी जमीन येते तिच्यात मूळ लेखकाने मोकळ्या सोडलेल्या जागाच जास्त. त्या जागांवर बांधकाम होणार हे उघड आहे.

अर्थात प्रत्येकाने सारखंच बांधलं असं नाही. २००१मध्ये डेसिफर या कंपनीने पीटर जॅक्सनच्या चित्रपटांवर आधारलेला पत्त्यांचा खेळ काढला. प्रत्येक नाझगूलचं स्वतंत्र पान हवं, म्हणजे स्वतंत्र नाव हवं. त्यांनी काय केलं, तर एल्फांच्या क्वेन्या भाषेतले क्रमवाचक शब्द घेतले. उलाइरे नेल्या म्हणजे तिसरा नाझगूल, उलाइरे कान्तेआ म्हणजे चौथा, असं नवव्यापर्यंत. आपला खामूल तिथे उलाइरे आत्तेआ आहे, दुसरा. एका पानावर त्याच्या नावाखाली डोल गुलदुरचा रखवालदार एवढीच ओळख छापली आहे. पत्त्यांच्या खेळातल्या पानावरून साहित्यविचार करायचा म्हणजे थोडं धाडसच, पण या विषयावर मी जे काही वाचलं-पाहिलं त्यात टॉल्किनला इतकं नेमकं ओळखणारं दुसरं काही मला आढळलं नाही. नाव तर दिलं, पण ते नाव म्हणजे तुरुंगातला कैद्याचा क्रमांक. तो कोण होता हे विचारलं तर उत्तर मिळतं, दुसरा.

मधले प्रयोग भराभर सांगते. गेम्स वर्कशॉपने छोट्या धातूच्या पुतळ्यांच्या युद्धखेळात खामूलला नावानिशी आणलं आणि बाकीच्यांना विशेषणवजा बिरुदं दिली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २००६मध्ये 'द राइज ऑफ द विच-किंग' काढला. कादंबरीच्या परिशिष्टातल्या अँगमारच्या युद्धांना त्याने पडद्यावर आणलं आणि विच-किंगच्या हाताखाली मॉर्गोमीर नावाचा एक नवा नाझगूल उभा केला. हा मॉर्गोमीर कोण, कुठला, याची चिंता त्या खेळाला नाही आणि मलाही फारशी वाटली नाही.

खरी चिंता वाटली ती २०१७च्या 'शॅडो ऑफ वॉर'मुळे. मोनोलिथ या कंपनीने केलेला, वॉर्नर ब्रदर्सने प्रसिद्ध केलेला हा खेळ माझ्या भाच्यामुळे माझ्या घरी आला. सुट्टीत तो आमच्याकडे असताना मी मागे खुर्ची टाकून बसत असे. एका लढाईनंतर काळ्या झग्यातली आकृती गुडघ्यावर आली आणि पडद्यावर तिचं गतायुष्य उलगडू लागलं. भाचा मान न वळवता म्हणाला, "मावशी, हा मुळात चांगला होता. हा इसिल्डूर आहे." मी उडालेच. इसिल्डूर म्हणजे सौरॉनच्या हातातून अंगठी कापून घेणारा राजपुत्र, कादंबरीच्या नायकाचा पूर्वज. टॉल्किनच्या हिशेबाने तो तिसऱ्या युगाच्या दुसऱ्या वर्षी ऑर्कांच्या बाणांनी मेला, म्हणजे नाझगूल प्रथम दिसल्यानंतर जवळजवळ बाराशे वर्षांनी. खेळात त्याचं प्रेत सौरॉनकडे नेलं जातं, त्याला अंगठी घालून उठवलं जातं. दुसरा नाझगूल निघतो हेल्म हॅमरहँड, रोहानचा राजा. तो तर आणखी अडीच हजारांहून अधिक वर्षांनंतरचा. टॉल्किनचा हेल्म बर्फात गोठून उभ्याउभ्या मरतो, गुडघे न टेकता. खेळातला हेल्म मुलीच्या मागणीवरून झालेल्या वैरात मरणाच्या दारी पोचतो, तेव्हा त्याला अंगठी मिळते. मग सूड, आणि त्या सुडात मुलीचाच बळी.

कालक्रमाच्या चुका दाखवणं हे माझं काम नव्हे. खेळाने अंगठ्या हातोहात फिरू शकतात असं गृहीत धरलं आहे आणि स्वतःच्या हिशेबात तो सुसंगत आहे. मला अडलं ते दुसरीकडे. आइस क्राउनची पूर्वचरित्रं आणि मोनोलिथची पूर्वचरित्रं शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या प्रकारात माणूस अंगठीआधीच बिघडलेला: सिंहासन न मिळालेला धाकटा मुलगा, सत्तेला भुकेलेली बाई. दुसऱ्या प्रकारात माणूस चांगला, त्याच्यावर अन्याय झालेला, त्याला अंगठी फसवून किंवा बळाने घातलेली. पहिल्याला वाटतं, दुष्टपणाचं कारण स्वभावात. दुसऱ्याला वाटतं, कारण जखमेत. दोन्हींकडे अंगठी निमित्तमात्र उरते.

आणि टॉल्किनने नेमकं याच मुद्द्यावर एक वाक्य लिहून ठेवलं आहे. 'सिल्मरिलियन'च्या शेवटच्या भागात, सत्तेच्या अंगठ्यांविषयी लिहिताना, तो म्हणतो त्याचा आशय असा की नऊ जण एकेक करून अंकित झाले. मूळची ताकद किती आणि आरंभी मनात चांगलं होतं की वाईट, यावर कोणी आधी गेला, कोणी उशिरा. मी हे वाक्य पूर्वी कितीतरी वेळा वाचलं होतं. भाच्याच्या त्या उद्गारानंतर ते पुन्हा काढून वाचलं तेव्हा त्याचा अर्थ अंगावर आला. पूर्वचरित्राला टॉल्किन नाकारत नाही. चांगला होता की वाईट, याचा फरक पडतो हे तो मान्य करतो. फरक किती पडतो? तारखेचा. मूराझोर लवकर गेला असेल, एखादा भला राजा तीनशे वर्षं टिकला असेल. बस. अंगठी घेतली हा मधला क्षण दोघांचा सारखाच, आणि त्या क्षणाची हकिकत टॉल्किन एकाचीही सांगत नाही, कारण ती सांगितली की वाचक सुटतो. "मी धाकटा मुलगा नाही", "माझ्या मुलीच्या मागणीवरून वैर झालेलं नाही", असं म्हणून त्याला पुस्तक मिटता येतं.

आपल्याकडे या प्रकाराला जुना शब्द आहे, प्रक्षेप. शकुनीचं उदाहरण तर घराघरांतलं. गांधारच्या राजपुत्रांना कुरूंनी कैदेत उपाशी मारलं, एकटा शकुनी जगला, बापाच्या हाडांचे फासे करून त्याने कुरुकुलाचा नाश आरंभला, ही कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती व्यासांचीच वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खर्चून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ती नाही. गंमत पाहा, तीही हेल्मच्याच जातीची कथा आहे. जुगारात कपट करणाऱ्या माणसाला एक जखम दिली की कपटाचा हिशेब चुकता होतो, आणि द्यूतसभेत गप्प बसलेल्या भीष्म-द्रोणांवरची आपली नजरही जरा सैल पडते. उलट विकर्णाकडे पाहावं. शंभर कौरवांच्या नावांची यादी महाभारतात आहे, कथा बहुतेकांना नाही. विकर्ण भर सभेत उठून द्रौपदीच्या बाजूने बोलतो, एवढी एक कृती त्याच्या नावावर, आणि युद्धात तोही भीमाच्या हातून मरतो. त्याच्या बालपणाबद्दल काही माहीत नाही म्हणून आपलं काही अडलेलं नाही.

मी प्रक्षेपांच्या विरुद्ध आहे असं कोणी समजू नये. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती गरज होती म्हणूनच, पण लोक ज्या पोथीत भर घालतात तिच्यावर त्यांचं प्रेम असतं हेही खरं. आणि भर घालणाऱ्याने स्वतःचं नाव लावलं तर तो प्रक्षेप राहत नाही, नवी कलाकृती होते. शिवाजी सावंतांचा कर्ण सावंतांचा आहे. 'मृत्युंजय' वाचणारा ते जाणतो. खेळांमधल्या भरीचं दुखणं असं की ती निनावी असते. नऊ नावांच्या याद्या आता सगळीकडे एकजीव होऊन फिरतात, त्यात टॉल्किनचं एक नाव आणि कंपनीची आठ नावं शेजारीशेजारी बसतात, आणि माझ्यासारखी एखादी प्राध्यापिका त्यांवर टाळ्या घेऊन जाते.

अदूनाफेल मला हवी होती म्हणून मी तपासली नाही, हेही इथे कबूल करायला हवं. तिला निर्माण करणाऱ्यांनाही ती हवीच असणार. टॉल्किनच्या जगात बाईला जागा कमी होती. कोणीतरी खलपात्रांच्या रांगेत का होईना, एक खुर्ची सरकवली.

आणि खामूलच्या बाबतीत माझा निवाडा याहूनही डळमळीत आहे. टॉल्किनने नऊ जणांत ज्या एकाला नाव दिलं त्याची दुसरी ओळख काय, तर दिशा. पूर्वेकडचा. विच-किंगला निदान एक राज्य आहे, खामूलला नकाशाची कड आहे. पूर्वेकडचे आणि दक्षिणेकडचे लोक या कादंबरीत झुंडीने येतात, सौरॉनच्या बाजूने लढतात आणि मरतात. आपण पूर्वेकडचे वाचक ही पानं वाचताना पश्चिमेच्या बाजूने उभे राहतो आणि त्यात काही विचित्र आहे हे बऱ्याच उशिरा लक्षात येतं; मला तर पस्तिशीनंतर आलं. आइस क्राउनच्या लोकांनी त्या कडेपलीकडे शहरं वसवली, बंदरं काढली, राजवंश लिहिले. वोमाव हे नाव कितीही ओबडधोबड असो, त्यांनी पूर्वेला काळोख मानलं नाही. तिथेही माणसं राज्य करतात, भितात, चुकतात, एवढं त्यांनी धरून चालवलं. ही गोष्ट मी त्यांच्या खात्यात जमा करते आणि माझ्या वरच्या युक्तिवादाला ती छेद देते हे मला दिसतं.

टॉल्किनलाही ते दिसलं होतं असं मानायला जागा आहे. 'द टू टॉवर्स'मध्ये इथिलिएनच्या झाडीत सॅमच्या पायांशी दक्षिणेकडचा एक मेलेला सैनिक येऊन पडतो. सॅम माणसांची माणसांशी लढाई पहिल्यांदा पाहतो आहे. त्याच्या मनात येतं की या माणसाचं नाव काय असेल, तो कुठून आला, तो खरोखर मनाने दुष्ट होता का, की कुठल्या खोटेपणाने, कुठल्या धमकीने त्याला घरापासून इतकं लांब चालत आणलं. त्याला घरीच सुखात राहायला आवडलं असतं का. पूर्वचरित्राची मागणी एवढ्या स्पष्ट शब्दांत खुद्द कादंबरीत आहे, आणि ती एका माळ्याच्या मनात आहे. उत्तर येत नाही. लगेच हत्ती धावत येतो आणि प्रसंग पुढे सरकतो. चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत हेच विचार फॅरामीरच्या तोंडी, मोठ्याने, दिले आहेत; सेनापतीने ते बोलल्यावर त्यांचं भाषण होतं. सॅमला ते नुसते वाटतात, यात जास्त आहे.

भाच्याच्या खेळाकडे एकदा परत जायला हवं, कारण मी त्याला अर्धाच न्याय दिला. इसिल्डूरची पूर्वकथा संपल्यावर भाचा पुन्हा हिंडू लागला आणि एका ऑर्काने त्याची वाट अडवली. हा ऑर्क म्हणजे अगदी किरकोळ मोहरा. पण त्याने भाच्याला नावाने ओळखलं, मागच्या वेळी आगीत ढकललंस त्याची आठवण काढली. त्याचा अर्धा चेहरा भाजलेला होता. मला वाटलं हाही कोणी लेखकाने लिहिलेला प्रसंग. तसं नव्हतं. २०१४च्या 'शॅडो ऑफ मॉर्डोर'पासून मोनोलिथने 'नेमेसिस' नावाची एक यंत्रणा बसवली होती. ती ऑर्कांना आपोआप नावं, स्वभाव, भीती देते. तुम्हाला मारणारा बढती घेतो, तुमच्या हातून वाचलेला जखमा आणि राग घेऊन परत येतो. वॉर्नर ब्रदर्सने २०२१मध्ये तिचं अमेरिकेत पेटंट मिळवलं, आणि २०२५च्या फेब्रुवारीत मोनोलिथ बंद केली. त्या भाजलेल्या ऑर्काचं पूर्वचरित्र भाच्याने स्वतः, स्वतःच्या हाताने घडवलं होतं. त्याच्या दुष्टपणात भाच्याचा वाटा होता. "याला मी तीन वेळा मारलंय," तो म्हणाला, आणि त्या आवाजात इसिल्डूरबद्दल बोलताना नव्हती अशी काहीतरी अस्वस्थता होती. लेखकांच्या फौजेने लिहिलेली राजांची करुण चरित्रं आणि यंत्राने जुळवलेला हा ऑर्क, यांत मला ऑर्क टॉल्किनच्या जवळचा वाटला. तो आधी कसा होता हे कोणालाच माहीत नाही. काय केल्याने असा झाला, ते समोर बसलेल्याला ठाऊक आहे.

निबंधातला अदूनाफेलचा परिच्छेद मी छापील रूपात काढून टाकला. त्या विद्यार्थ्याचे आभार मानायचे राहून गेले. त्याचं नाव विचारलं नव्हतं.

भाच्याने गेल्या दिवाळीत माझी कादंबरीची प्रत नेली. जानेवारीत फोन आला. तो तरीपर्यंत पोचला होता. "मावशी, धक्क्यावर मागे राहतो तो कोण? इसिल्डूर का?" मी नाही म्हणाले. "मग कोण?" 'अनफिनिश्ड टेल्स' कपाटात समोरच होतं. मी त्याला म्हणाले, तू आधी पुढे वाच.